उजव्या बाजूचा घसा

धायरीत कुणाच्या पोराची पडजीभ पडली, की लोक डॉक्टरच्या आधी तुळजाआत्याकडे येतात. आत्या हात धुते, मधलं बोट मिठात बुडवते, पोराच्या आईला म्हणते, "धर गं हात," आणि पोराला रडायचं सुचायच्या आत बोट घशात जाऊन, दाबून बाहेरही आलेलं असतं. पोर ओकारी काढतं, दोन मिनिटं सगळ्या जगाशी कट्टी घेतं आणि मग बिस्कीट मागतं. चाळीस वर्षं हे असंच चाललंय. आत्याच्या हाताला गुण आहे, असं सगळा गाव म्हणतो. गाव आता पुण्यात गेला, शेतांवर बारा-बारा मजले उभे राहिले, तरी लिफ्टमधून उतरून लोक आत्याकडे येतातच.

त्यामुळे आत्याच्या धाकट्या भावाचा, म्हणजे राजनंदिनीच्या पप्पांचा, हिंदुरावांचा, घसा माघात दुखायला लागला, तेव्हा ते कुठे गेले असतील हे सांगायला नको.

हिंदुराव दिवसा सिमेंट-वाळूचं दुकान चालवायचे. पण ती त्यांची खरी ओळख नव्हे. यात्रांचा हंगाम सुरू झाला, की ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक. घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या, कडेला उंच मचाण बांधलेलं असतं, त्यावर हिंदुराव माईक घेऊन उभे राहतात, आणि खालून बैल सुटले की त्यांचा आवाज बैलांच्या पुढे पळतो. आपण पुकारायला लागलो की खडकवासल्याच्या पाण्यावर तरंग उठतात, असं ते सांगायचे. तरंग दुसऱ्या कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. पण आवाज मात्र होता, हे खोटं नाही.

"घसा हाय, वापरला की झिजणारच," असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यानं माघी पौर्णिमेला दाबलं. महाशिवरात्रीला पुन्हा दाबलं. होळीला तिसऱ्यांदा. अधेमधे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यांनी भागलं नाही म्हणून दुसऱ्या रंगाच्या दिल्या. मग उजवा कान ठणकायला लागला, तेव्हा कानात घालायला थेंब दिले. कान तर आतून स्वच्छ होता, पण हिंदुरावांनी घशाचं सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. सलूनमधल्या पोपटला दाढी करताना उजव्या जबड्याखाली गोटीएवढी गाठ लागली. तो म्हणाला, "आण्णा, हे काय हो?" आण्णा म्हणाले, "तू दाढी कर." आणि घरात आईच्या लक्षात आलं होतं, की हे हल्ली भाकरी आमटीत भिजवून मऊ केल्याशिवाय गिळत नाहीत. तिला वाटलं, वय झालं. म्हणजे चौघांच्या हातात एकेक तुकडा होता आणि अख्खं चित्र कुणाकडेच नव्हतं.

ते चित्र जुळवलं नववीतल्या राजनंदिनीनं.

गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला "प्रेझेंट" म्हणायची तेही पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. यंदा गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं झोपली, बाईंनी घाबरून जी समोर दिसली तिला पुढे ढकललं, आणि नंदिनीला त्या संध्याकाळी कळलं की आपल्या गळ्यातही पप्पांचाच माल आहे. तेव्हापासून तिला गप्प करणं अवघड झालं होतं.

पाडव्यानंतर शाळेत एक डॉक्टरबाई आल्या. मुलींच्या लसीची माहिती द्यायला. डॉ. अक्षता, शनिवार पेठेत नाक-कान-घशाचा दवाखाना. त्यांनी फळ्यावर एका विषाणूचं नाव लिहिलं, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल सांगितलं, मुली एकमेकींना कोपर मारत खाली बघत बसल्या. शेवटी बाईंनी विचारलं, काही प्रश्न? नंदिनी उभी राहिली. मुलांना या विषाणूनं काहीच होत नाही का, असं तिनं विचारलं. वर्ग हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

होतं, म्हणाल्या. टॉन्सिलला, जिभेच्या मुळाशी. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनाही. मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: घसा एकाच बाजूला तीन आठवड्यांच्या वर दुखत राहतो. त्याच बाजूचा कान दुखतो, पण कानात काही नसतं. मानेत गाठ येते, बहुतेकदा न दुखणारी. गिळताना अडकतं. थुंकीत कधी रक्त. एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा मोठं.

"बहुतेक वेळा यातलं काही नसतं," त्या म्हणाल्या. "पण 'नाही' हे बघून ठरवायचं. अंदाजानं नाही."

नंदिनीला पुढचं ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात भाकरी आमटीत भिजत होती.

घरी आल्या आल्या तिनं दप्तरसुद्धा काढलं नाही. मोबाईलचा टॉर्च लावला आणि दुकानातून जेवायला आलेल्या पप्पांसमोर उभी राहून म्हणाली, आ करा. हिंदुरावांना इतकं नवल वाटलं की त्यांनी केलं. डाव्या बाजूला टॉन्सिल शोधावं लागत होतं. उजव्या बाजूला ते स्वतःहून पुढे आलेलं होतं, मोठं, खडबडीत, मधोमध पांढरट.

"पप्पा, तुमचा आवाज बसलाय का?"

"माझा? माझा आवाज बसवणारा अजून जन्मायचाय."

"मग ओरडून घसा गेला असेल तर आवाज कसा शाबूत राहिला? आणि एकाच बाजूला दोन महिने कसं दुखतंय? तुम्ही फक्त उजव्या बाजूनं ओरडता का?"

हिंदुराव आधी हसले. मग तिनं तो शब्द उच्चारला आणि हसू विझलं. त्यांच्या घरात त्याला "तो रोग" म्हणायचे. आईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. हिंदुरावांचा चेहरा लाल झाला. जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाय, पंगतीला बसलो तर विडा परत करतो, आणि मला तो रोग? शाळेत हेच शिकवतात का? नंदिनीनं शिकवलेलं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन हिंदुराव म्हणाले, बरं, दाखवू. चैत्री पौर्णिमेचा घाट झाला की दाखवू. आणि अक्षय्य तृतीयेचा घाट हाय लगोलग, तो झाला की नक्की. मग आईकडे वळून म्हणाले, जून लागला की मोकळाच हाय मी.

जून. नंदिनीनं मनातल्या मनात आठवडे मोजले. बापाला ओढून नेता येत नाही, ऐंशी किलोचा माणूस. रडून पाहिलं. जेवण सोडून पाहिलं. तेव्हा पप्पांनी शेजारी बसून, तिच्या वाटणीचं श्रीखंड डोळ्यांदेखत संपवलं. मऊ होतं ना, गिळता येत होतं.

मग तिनं दवाखान्यात फोन केला आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळी अकराची वेळ घेतली. पेशंटचं नाव सांगितलं. वय सांगितलं. पेशंट येणार आहेत ना नक्की, असं पलीकडून विचारलं, तेव्हा म्हणाली, शंभर टक्के. असं खोटं बोलताना तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

पौर्णिमेचा घाट धरणापलीकडच्या गावात होता. ऊन नऊलाच चढलेलं, गुलालानं रस्ता गुलाबी झालेला, टेम्पोतून बैल उतरत होते. अख्खं घर आलं होतं. आत्यासुद्धा चटईवर छत्री घेऊन बसली होती. घाटात एक कायदा कुणी न लिहिता पाळला जातो: मचाणावरून पुकारलं ते पुकारलं. बारीची, म्हणजे एका गाड्याच्या धावेची, वेळ एकदा माईकवरून गेली, की मग मालक डोकं आपटो नाहीतर पंचांचं डोकं फोडो, ती बदलत नाही. या कायद्यावर तर सगळी शर्यत उभी आहे.

पहिली बारी सुटायच्या आधी यात्रा कमिटीचे कचरूअप्पा हिंदुरावांना फेटा बांधायला खाली घेऊन गेले. माईक मचाणावर, चालू. नंदिनी शिडी चढली. खाली दोन-तीन हजार माणसं, सगळ्यांची तोंडं घाटाकडे. तिनं माईक उचलला आणि बोलायला सुरुवात केली.

"बैलगाडा शौकिनांनो, एक महत्त्वाची सूचना. आजच्या घाटाचे निवेदक, धायरीचे हिंदुराव, यांचा घसा उजव्या बाजूला दोन महिने दुखतोय. तरी ते आज तुमच्यासाठी उभे आहेत. एकदा टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. शिट्ट्याही झाल्या. खाली अर्धा फेटा बांधलेले हिंदुराव मान वर करून बघत होते आणि फेट्याचं दुसरं टोक कचरूअप्पांच्या हातात होतं.

"उद्या सकाळी ठीक अकरा वाजता हिंदुराव शनिवार पेठेत घशाच्या डॉक्टरांकडे हजर होत आहेत. नाव नोंदवलेलं आहे. पुन्हा एकदा ऐका, उद्या सकाळी ठीक अकरा. धन्यवाद."

हिंदुराव शिडी चढून वर आले तेव्हा त्यांचे डोळे असे होते, की नंदिनीनं माईक त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं उडी मारली. ते माईक उचलून काही बोलणार, तोच खालून कचरूअप्पा म्हणाले, "हिंदुराव, आता काय बोलता. पुकारलं की पोरीनं."

दिवसभर त्यांनी घाट गाजवला. संध्याकाळी गाडीत, नांदेड फाट्याशी आल्यावर, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "पुन्हा माझ्या माईकला हात लावायचा न्हाय." नंदिनी म्हणाली, बरं. आणि मग आणखी थोड्या वेळानं ते म्हणाले, "अकरा म्हणजे दहाला निघायला लागंल. पेठेत गाडी लावायला जागा नसती."

डॉ. अक्षतांच्या दवाखान्यात हिंदुरावांनी बसल्या बसल्या खुलासा केला, की विशेष काही न्हाय, निवेदनामुळं जरा आवाजाला ताण.

"आवाज आपला मला जिन्यापासून ऐकू येतोय. त्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "तोंड उघडा, आणि ते बोलायला नको."

त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, हातमोजा घालून टॉन्सिल बोटानं चाचपलं, मान दोन्ही हातांनी तपासली, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा खालपर्यंत पाहिला. किती दिवस झाले, असं विचारल्यावर हिंदुराव म्हणाले, झाले असतील आपले आठ-पंधरा. "साठ," नंदिनी म्हणाली. बाईंनी साठ लिहिलं. मग पेन ठेवून स्पष्ट सांगितलं. उजवं टॉन्सिल ठीक दिसत नाही. त्याचा छोटा तुकडा काढून तपासायचा, मानेतल्या गाठीला बारीक सुई लावून नमुना घ्यायचा, आणि स्कॅन. गुरुवारी, मोठ्या हॉस्पिटलमध्ये.

"रिपोर्ट येईपर्यंत मी त्याला नाव देणार नाही. आपणही देऊ नका. पण गुरुवार चुकवूही नका."

आता खरी गंमत सुरू झाली. माईकवरून पुकारलं असल्यामुळं बातमी पंचक्रोशीत गेलेलीच होती. संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कचरूअप्पा सोफ्याच्या मधोमध बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, बाकी काय पण कर हिंदुराव, गाठीला लोखंड लावू देऊ नको. सुई टोचली की ते खवळतं. आमच्या साडूचं तसंच झालं, तुकडा काढला आन् सहा महिन्यांत माणूस गेला. बाकीच्यांनी आपापले साडू काढले. हिंदुरावांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. घाबरलेल्या माणसाला नकाराचं कारण मिळालं, की तो असाच उजळतो.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "आक्काच्या हातानं उतरतंयच की. अजून एकदा दाबलं तर—"

नंदिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो तिनं टीव्हीवरच्या फळीवर ठेवला. अप्पा, तुमचे साडू डॉक्टरकडे कधी गेले होते, असं तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, पाणी उतरेना तेव्हा. त्याआधी किती दिवस दुखत होतं? अप्पांनी छताकडे पाहिलं. असंल वर्षभर.

"मग त्यांना सुईनं नाही मारलं. त्या वर्षानं मारलं."

"हिंदुराव, पोरीला आवर घाल. मोठ्यांच्यात बोलती."

"मग मोठ्यांनी बोला ना," नंदिनी म्हणाली. आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "कुणीतरी मोठ्यानं बोला, मी गप्प बसते. मला काय हौस आहे?"

तेवढ्यात दाराजवळ उंबऱ्याला टेकून बसलेली तुळजाआत्या उठली. ती चार माणसांत फारशी बोलत नसे. तिचं काम बोटाचं.

"हिंदू, मी न्हाय दाबणार," ती म्हणाली. "सुजलेलं टॉन्सिल लोण्यागत दबतं. तुझं पहिल्याच टायमाला माझ्या बोटाला सुपारीगत लागलं. चाळीस वर्सांत असं लागलं न्हवतं. होळीला दाबलं, तवा बोट लाल होऊन बाहेर आलं. मी पदराला पुसलं."

"आक्का, तू बोलली न्हाईस."

"काय बोलू? लोक म्हणतात, तुळजीच्या हाताला गुण हाय. सख्ख्या भावाला गुण येईना म्हणलं तर काय राहिलं माझं? गुण सांभाळत बसले, आन् तुला घालवाय निघाले व्हते." तिनं कचरूअप्पांकडे बघितलं. "लोखंडाचं मला सांगू नका. तीनदा बोट घालून मी जेवढं ढवळलंय, तेवढं त्यांची सुई ढवळणार न्हाय. गुरुवारी मी जाणार ह्याच्या संगं."

अप्पांनी चहा घेतला आणि बशी न वाजवता खाली ठेवली. हिंदुरावांनी बहिणीच्या हाताकडे पाहिलं. मग नंदिनीला म्हणाले, गुरुवारी उपाशीपोटी यायला सांगितलंय का, बघ जरा कागदावर.

गुरुवार पार पडला. त्यानंतरचा आठवडा मात्र पार पडता पडेना. नंदिनीची वार्षिक परीक्षा चालू होती; भूगोलाच्या पेपरात तिनं खडकांच्या प्रकारांत एक प्रकार स्वतःचा घालून दिला, हे तिला नंतर कळलं. रिपोर्टच्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं नाही असं आईचं म्हणणं होतं. पप्पाच म्हणाले, तिनं नाव नोंदवलंय, ती येणार.

"आहे," डॉ. अक्षता म्हणाल्या. त्यांनी शब्दाभोवती कापूस गुंडाळला नाही. "टॉन्सिलचा कॅन्सर. गाठ लहान आहे, मानेत एकाच ठिकाणी गेलाय, पुढे कुठे गेलेला स्कॅनमध्ये दिसत नाही. विषाणूमुळे होणारा प्रकार आहे आणि तो उपचारांना बहुतेकदा चांगली दाद देतो. सात आठवडे किरणं, सोबत औषधाची सलाईन. सोपं नसतं. घसा भाजल्यासारखा होईल, चव जाईल. पण आपण वेळेत आलात."

आईनं दबक्या आवाजात विचारलं, विषाणू कुठून आला असेल. बाई म्हणाल्या, तो बहुतेकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो, काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आणि कुणाकडे संशयानं बघायचं काम नाही. हिंदुराव मात्र त्यांच्या एकाच गोष्टीवर अडले होते.

"मला पुकारता येईल?"

"आवाजाची पेटी याच्या खाली असते. तिला जपूनच सगळं आखतील. वचन देत नाही मी कुणाला. पण पुढच्या चैत्रात आपण नाही पुकारलंत, तर मला आश्चर्य वाटेल."

जिना उतरताना हिंदुरावांनी कठड्याला धरलं. नंदिनीनं त्यांचा दुसरा हात धरला. तिला वाटलं होतं, तिचं म्हणणं खरं ठरल्यावर काहीतरी जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. रागच आला फक्त. कोणावर, ते कळेना. दोन महिन्यांवर, बहुतेक.

घरी सल्ला सुरू झाला. नंदिनीच्या काकांचं म्हणणं, बाहेर थायरॉईड सांगायचं. आईचं म्हणणं, काहीच सांगायचं नाही, मुलीचं पुढं लग्न व्हायचंय. नंदिनी म्हणाली, माझ्या लग्नाला अजून इतकी वर्षं आहेत की तोवर पप्पा बरे होऊन कंटाळलेले असतील. हिंदुराव उठून दुकानात गेले.

किरणं सुरू व्हायच्या आधी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या चेहऱ्याचा मुखवटा केला. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची मऊ जाळी तोंडावर, मानेवर बसवतात, ती घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, म्हणजे रोज किरणं नेमक्या जागी पडतात. हिंदुराव वीस मिनिटं न बोलता, न हलता पडून राहिले. घरच्यांच्या माहितीत असं आधी कधी घडलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा गालांवर, कपाळावर जाळीचे बारीक चौकोन उमटलेले. "भूक लागली," म्हणाले. "पुढले दोन महिने तिखट बंद. चल."

हॉस्पिटलसमोरच्या हॉटेलात त्यांनी मिसळ मागवली. नंदिनी म्हणाली, झोंबेल. ते म्हणाले, झोंबू दे. पाव रश्श्यात पूर्ण बुडवून ते डाव्या बाजूनं सावकाश चावत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि थांबत नव्हते.

शेजारच्या टेबलावर दोघे जण त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. त्यातल्या एकानं शेवटी विचारलंच, काका, तोंडाला काय झालं?

नंदिनीनं मान खाली घातली. थायरॉईड, तिला वाटलं. आता थायरॉईड येणार.

हिंदुरावांनी घास गिळला. पाण्याचा घोट घेतला. आणि मग मचाणावरून बोलावं तसं, हॉटेलातल्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "कॅन्सर हाय. टॉन्सिलचा. एकाच बाजूला दुखत व्हतं, दोन महिने अंगावर काढलं. पोरीनं पकडला. सोमवारपासून किरणं."

गल्ल्यावरच्या माणसाचा हात हवेत राहिला. विचारणारा माणूस नकळत स्वतःच्या जबड्याखाली चाचपायला लागला, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"तीन आठवड्यांच्या वर दुखत असंल तर जा," हिंदुराव त्याला म्हणाले. "न्हायतर जेव." मग वेटरकडे वळले. "अजून दोन पाव आण. आन् रस्सा गरम."